पुनर्विक्रीचा किमान दर सोसायटीने ठरवावा का?

तळोजेकर (धागाकर्ता):

आमचे तळोज्यातील संकुल पेंधर मेट्रो स्थानकापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. पाचपैकी तीन इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र (राहायला येण्याची अधिकृत परवानगी) मिळाले असून त्यांची सोसायटीही नोंदली गेली आहे; उरलेल्या दोन इमारतींतील घरे विकासक अजून विकतो आहे. २०२३ च्या आरंभी मी आणि माझ्या बहुतेक शेजाऱ्यांनी ६१० चौरस फूट चटई क्षेत्राचे दोन बेडरूमचे घर ६२ लाख करारमूल्याला घेतले. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख १० हजार, मुद्रांक शुल्क, नोंदणीचे ३० हजार आणि इतर किरकोळ खर्च धरता घर ७० लाखांच्या घरात गेले. आज तोच विकासक चौथ्या इमारतीत तेवढ्याच आकाराचे घर सर्व खर्चासह ५८ लाखांना देऊ करतो आहे, आणि आमच्याच इमारतीतील एका सदस्याने आपले घर ५३ लाखांना विकायला काढले आहे.

विकासकाने काय करावे हे आमच्या हातात नाही. एकाच प्रकल्पातील पुढचे घर स्वस्त विकले म्हणून रेरा कायद्याखाली फरक मागता येत नाही, हे वकिलांना विचारून झाले आहे. आमच्या हातात आहे ते आपापसातील शिस्त. दुय्यम निबंधकाकडे एक व्यवहार ५३ लाखांना नोंदला गेला की त्याची सूची क्रमांक दोन (व्यवहाराच्या नोंदीचा उतारा) कोणालाही पाहता येते, एजंट तोच आकडा प्रत्येक गिऱ्हाइकासमोर धरतात, आणि बँकेचा मूल्यांकनकारही अलीकडच्या नोंदलेल्या व्यवहारांकडे पाहूनच मूल्य ठरवतो. एका सदस्याच्या घाईची किंमत अशा रीतीने १६८ कुटुंबे मोजतात. म्हणून येत्या विशेष सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे की ६० लाखांखाली कोणीही घर विकू नये आणि तसे कोणी केल्यास हस्तांतरणाची कागदपत्रे समितीने तातडीने हातावेगळी करू नयेत. यावर मते हवी आहेत.

सूचीदोन:

आपली तळमळ समजते, परंतु ठरावाचा दुसरा भाग कायद्यापुढे टिकणार नाही. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) घर विकण्यासाठी सोसायटीच्या ना-हरकत पत्राची आवश्यकताच नाही. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य (घर नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम) २५ हजारांपेक्षा अधिक घेता येत नाही, आणि सदस्यत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सदस्य झाला असे मानण्याची तरतूद सहकार कायद्यात आहे. म्हणजे समितीने कागद दाबून धरले तरी फार तर तीन महिने, आणि तेवढ्यात तिच्याविरुद्ध उपनिबंधकांकडे तक्रार गेलेली असेल.

माझा खरा आक्षेप मात्र कायद्याचा नसून हिशेबाचा आहे. विकासकाचे ५८ लाख सर्व खर्चासह आहेत. आपले ६० लाख केवळ करारमूल्य आहे आणि त्यावर घेणाऱ्याला मुद्रांक शुल्क व नोंदणी वेगळी भरावी लागणार, त्यामुळे त्याला ते घर ६४ लाखांच्या आसपास पडेल. तो आपल्याकडे कशासाठी येईल? ५३ लाखांना विकणाऱ्या सदस्याचा आकडा खर्चासह साधारण ५७ लाखांवर जातो, म्हणजे विकासकाच्या दराच्या किंचित खाली. त्याने उतावळेपणाने घर फुंकून टाकलेले नाही. समोरच्या विक्री कार्यालयातला दर पाहून त्याने आपला दर बसवला आहे. आपण ६० लाखांचे कुंपण घातले तर आपल्या तिन्ही इमारतींतले एकही घर विकले जाणार नाही, आणि चौथी व पाचवी इमारत विकासकाला बिनस्पर्धा विकता येईल. असा ठराव त्याच्या विक्री कार्यालयाने मोठ्या आनंदाने छापून दिला असता.

तळोजेकर:

हस्तांतरणाच्या कागदपत्रांविषयीचा मुद्दा मान्य आहे, ते वाक्य मी पुन्हा तपासतो. परंतु तुलनेत आपण एक गोष्ट सोडून दिली. चौथी इमारत अजून अकराव्या स्लॅबवर आहे. तिथे घर घेणारा दोन वर्षे भाडेही भरणार आणि बांधकामाच्या टप्प्यांनुसार वितरित झालेल्या कर्जाचे व्याजही भरणार. आमचे घर तयार आहे, उद्या किल्ली घेऊन राहायला येता येते. तयार घराला बांधकामाधीन घरापेक्षा अधिक किंमत मिळायला हवी हा बाजाराचाच नियम आहे, आणि आमचे सदस्य घाबरून तो नियम स्वतःच मोडत आहेत.

सूचीदोन:

तयार घराचे अधिमूल्य मलाही मान्य आहे. ते ठरावाने मिळत नाही, घेणाऱ्याने दिले तर मिळते.

उलवे_२०१२:

मी तुमच्या संकुलातला नाही, तरी मध्ये बोलतो, कारण हा धागा वाचताना मला माझीच जुनी वही उघडल्यासारखे वाटले. मी उलव्यात साडेबारा टक्के योजनेच्या (जमीन गेलेल्यांना सिडकोने परत दिलेल्या) भूखंडावर उभ्या राहिलेल्या इमारतीत २०१२ मध्ये घर घेतले. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर विमान होते. त्या नवी मुंबई विमानतळाला केंद्राची मंजुरी २००७ मध्ये मिळाली होती, त्यामुळे विमानतळ ‘दोन-तीन वर्षांत’ येणार हे शब्द कोणालाच खटकले नाहीत. भूमिपूजन झाले २०१८ मध्ये, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आणि पहिले प्रवासी विमान उडाले २५ डिसेंबरला. उलव्याच्या खारकोपर स्थानकापर्यंत लोकल यायलाच नोव्हेंबर २०१८ उजाडला. तोवर सकाळी नेरूळला जाणाऱ्या बससाठी उभे राहणे आणि रात्री टँकरची वाट पाहणे हाच आमचा दिनक्रम होता.

सांगायचे ते असे की, आम्ही जी जास्तीची किंमत मोजली ती भिंतींची नव्हती. ती विमानतळाची आगाऊ किंमत होती. आणि विमानतळ येईपर्यंतच्या तेरा वर्षांचे व्याज कोणत्याही जाहिरातीत लिहिलेले नव्हते. आमच्या इमारतीतही २०१६ च्या सुमारास ‘कमी भावाने विकू नका’ असा आग्रह सुरू झाला. मी त्या आग्रहात पुढे होतो, हे आज कबूल करतो. त्याचा परिणाम असा झाला की ज्यांना विकण्याची गरज नव्हती ते आनंदाने थांबले आणि ज्यांना होती त्यांनी एजंटांमार्फत गुपचूप विकले. पुढची दोन वर्षे सभेत कोणी कोणाशी नीट बोलत नव्हते. भाव मात्र कोणाच्या ठरावाने वाढले नाहीत. लोकल आली, अटल सेतू आला, तेव्हा हलले.

तळोज्याला मेट्रो आधीच आली आहे, २०२३ च्या नोव्हेंबरपासून धावते आहे. त्यामुळे तुमच्या ७० लाखांत तिचे पैसे धरलेले होतेच, हेही लक्षात घ्यावे. आणि रात्री औद्योगिक वसाहतीकडून वारा सुटला की जो वास येतो, तो कोणत्या दरात धरला होता हे मी विचारत नाही.

बी_११०३:

ज्याच्या ५३ लाखांवर ही चर्चा चालली आहे तो सदस्य मीच. समितीच्या व्हॉट्सॲप गटात माझे नाव न घेता ‘काही घाबरट मंडळी’ असा उल्लेख झाला, म्हणून इथे लिहितो.

माझी बदली हैदराबादला झाली आहे. तिथले भाडे आणि इथला हप्ता असे दोन्ही एका पगारातून जातात. घर भाड्याने देऊन पाहिले. मिळणारे भाडे हप्त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही, कारण संकुलात निम्मी घरे गुंतवणूकदारांची असून तीही भाड्यालाच लागलेली आहेत. ४९ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले की हप्ता सुमारे ४२,५०० येतो. त्या दराने तीन वर्षांत १५ लाख ३० हजार भरूनही मुद्दल जेमतेम ३ लाख २० हजारांनी उतरते. अलीकडे दर उतरले, तरी चित्र फारसे बदललेले नाही. आज बँकेची बाकी ४६ लाखांच्या आत आहे. ५३ लाखांना विकले तर ती फेडून माझ्या हाती ७ लाखांच्या आसपास उरतात, आणि घरात मी स्वतःचे २१ लाख घातले होते. हा तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो असे सनदी लेखापाल म्हणाले, पण तो भांडवली नफ्यातूनच वजा होतो, आणि तसा नफा होईल अशी माझ्याकडे दुसरी मालमत्ता नाही.

मी ६० लाखांची वाट पाहायची तर दर महिन्याला हप्ता, देखभाल खर्च आणि इथल्या फेऱ्या धरून पन्नास हजारांच्या जवळ जातात. वर्षभर थांबलो तर सहा लाख. तळोजेकर, आपण या घरात राहता. आपल्यासाठी ५३ लाख हा कागदावरचा आकडा आहे. मला त्यातून बाहेर पडायचे आहे.

आणि एक खुलासा. मी कितीही खाली विकू शकतो असेही नाही. करारमूल्य शासनाच्या रेडी रेकनर दरापेक्षा (मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेल्या दरापेक्षा) १० टक्क्यांहून अधिक खाली गेले, तर फरकावर घेणाऱ्याला आयकर लागू शकतो आणि मुद्रांक शुल्क तर रेडी रेकनरवरच भरावे लागते. खालची सीमा सरकारने घालून ठेवली आहे. तिच्यावर सोसायटीने आणखी एक मजला चढवू नये.

तळोजेकर:

‘घाबरट’ हा शब्द माझा नव्हता, परंतु तो वापरला गेला तेव्हा मी काही बोललो नाही, याबद्दल दिलगीर आहे. आपल्या बदलीची मला कल्पना नव्हती.

तरीही माझा मूळ प्रश्न शिल्लक राहतो. पाच वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी मला हे घर गहाण ठेवावे लागेल, आणि तेव्हा मूल्यांकनकाराने आपल्या व्यवहाराच्या आधारे आकडा लावला तर माझ्यासाठी तो कागदावरचा आकडा राहणार नाही. कागदपत्रे रोखण्याचे वाक्य ठरावातून काढतो. ६० लाखांचे आवाहन मात्र ‘विनंती’ म्हणून ठेवणार आहे. पाळायचे की नाही हे सदस्यांनी ठरवावे.

सूचीदोन:

विनंतीचे पत्रक सूचना फलकावर लागले की पहिल्यांदा ते एजंट वाचतील, आणि इथले लोक विकायला उतावीळ आहेत हे त्यांना तुमच्याच अक्षरात कळेल. शक्य असल्यास त्याऐवजी विकासकाकडे राहिलेली क्लबहाऊस आणि सांडपाणी प्रकल्पाची कामे रेटावीत. घर पाहायला येणारा माणूस ठराव वाचत नाही, तो नळ सोडून पाहतो.

बी_११०३:

माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा. शनिवारी एक कुटुंब घर पाहायला येणार आहे. तोवर लिफ्टच्या दारावर ही विनंती चिकटवू नये एवढीच माझी विनंती.