स्वयंचलित चाचणीचा निकाल ‘पास’ आणि ‘फेल’ एवढ्यातच मांडावा का?

प्रश्न

सी भाषेतील एका प्रकल्पासाठी आम्ही स्वतःचा टेस्ट रनर (चाचण्या चालवून त्यांचे निकाल गोळा करणारा प्रोग्रॅम) लिहिला आहे. प्रत्येक चाचणी स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालते, तिचा निकाल एका बूलियनमध्ये (खरे किंवा खोटे एवढेच सांगणाऱ्या मूल्यात) साठवला जातो आणि शेवटी जितक्या चाचण्या फेल झाल्या असतील तितका आकडा रनर स्वतःचा एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना प्रणालीला देतो तो आकडा) म्हणून परत करतो. अडचण अशी आहे की डेटाबेसशी जोडणी न झाल्यामुळे अडलेली चाचणी, त्या प्लॅटफॉर्मला लागूच नसलेली चाचणी आणि खरोखर चुकीचे उत्तर आल्यामुळे फेल झालेली चाचणी, या तिन्ही अहवालात सारख्याच लाल दिसतात. यामुळे नुकतेच आम्ही दोन दिवस अस्तित्वात नसलेला दोष शोधत बसलो होतो. निकालाचे किती प्रकार ठेवावेत आणि त्यांना आकडे द्यावेत की नावे?

उत्तर १

प्रकारांकडे वळण्याआधी एक्झिट कोड दुरुस्त करा, कारण खरा धोका तिथे आहे. युनिक्स प्रणालींवर शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) एक्झिट कोडचे फक्त खालचे ८ बिट मिळतात, म्हणजे ० ते २५५. नेमक्या २५६ चाचण्या फेल झाल्या तर कोड ० होईल आणि चाचण्या आपोआप चालवणारी पाइपलाइन हिरवी दिसेल. शिवाय कमांड न सापडल्यास शेल १२७ देते, आणि सिग्नलमुळे (प्रणालीमार्फत आलेल्या सूचनेमुळे) संपलेल्या प्रोसेससाठी बहुतेक शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवतात. त्यामुळे १३७ आला, तर १३७ चाचण्या फेल झाल्या की सिग्नल ९ ने रनरच मारला गेला, हे तुम्हाला सांगता येणार नाही. एक्झिट कोडने मोजके ठोक प्रकार सांगावेत. पायथनच्या पायटेस्ट या चाचणी-साधनात ० म्हणजे सर्व पास, १ म्हणजे काही फेल आणि ५ म्हणजे एकही चाचणी सापडली नाही. हा ५ मला फार मोलाचा वाटतो, कारण शून्य चाचण्या चालणे हे यश नव्हे. संख्या आणि तपशील अहवालाच्या फाइलमध्ये लिहावेत.

उत्तर २

प्रकार ठरवताना चाचणीला निर्णय देता आला का, हा एकच प्रश्न आधी विचारावा. निर्णय देता आला तरच पास किंवा फेल. तयारीच्या टप्प्यात, जोडणीत किंवा चाचणीच्या स्वतःच्या कोडमध्ये बिघाड झाला तर ती ‘त्रुटी’, आणि चाचणी लागूच नसेल तर ‘स्किप’. जावाच्या जेयुनिट या चाचणी-साधनाच्या अहवालांतही फेल्युअर आणि एरर हे याच कारणाने वेगळे दिसतात. ऑटोमेक या बिल्ड-साधनाच्या चाचण्यांत ७७ हा एक्झिट कोड स्किपसाठी आणि ९९ हा गंभीर त्रुटीसाठी राखलेला आहे, त्यामुळे तुमच्या स्वतंत्र प्रोसेसना तेच आकडे जसेच्या तसे वापरता येतील. माहीत असलेल्या दोषामुळे फेल होणे अपेक्षित असेल तर त्यासाठी पाचवा प्रकार ठेवा. मात्र अशी चाचणी अचानक पास झाली तर तेही ठळक दिसले पाहिजे, कारण तेव्हा एक तर दोष दुरुस्त झालेला असतो किंवा चाचणी काहीच तपासत नसते.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. एका सहकाऱ्याने प्रत्येक प्रकाराला एक बिट देण्याचे सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर १

लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट या लिनक्सच्या चाचणी-संचात ती पद्धत आहे: फेल १, मोडलेली चाचणी २, इशारा ४, लागू नसलेली ३२. तिथे एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक तपासण्या असतात आणि त्यांचे निकाल एकत्र करून एकच कोड द्यायचा असतो, म्हणून ती शोभते. तुमच्याकडे एका चाचणीला एकच निकाल आहे, तेव्हा साधा एनम (नावे दिलेल्या मूल्यांची यादी) पुरेसा आहे आणि फाइलमध्ये आकड्याऐवजी नाव लिहिणे चांगले, म्हणजे उद्या क्रम बदलला तरी जुने अहवाल वाचता येतील.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. एक्झिट कोडमध्ये ० म्हणजे यश असते म्हणून एनममध्येही पासला ० देऊ नका. सीमध्ये शून्याने भरलेल्या मेमरीतला, कोणीही न लिहिलेला निकाल तेव्हा पास म्हणून वाचला जातो. ० हे मूल्य ‘निकाल नाही’ यासाठी ठेवा, आणि अखेरीस ज्या चाचणीचा निकाल तसाच राहिला असेल किंवा जिचा एक्झिट कोड रनरला ओळखता आला नसेल, ती त्रुटी म्हणून मोजा.