प्रॅक्टिसला न आलेल्या पोराला रविवारी खेळवायचं का?

तेराखालच्यांचा कोच
गोव्यात फोंडा तालुक्यात गावच्या ग्राउंडवर तीन वर्षं अंडर-13 पोरांना फुटबॉल शिकवतोय, पैसे घेत नाही, कामावरून सुटलो की थेट तिकडे. 18 पोरं, मंगळवार गुरुवार शनिवार, साडेचार ते सहा. सीझनच्या सुरुवातीलाच आईबापांना बोलावून दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. आठवड्यात दोन प्रॅक्टिस न सांगता चुकवल्या तर पहिल्या अकरात नाव नाही. आणि रेफ्रीला किंवा समोरच्या पोराला शिवी दिली तर तिथल्या तिथे बाहेर काढणार, मग तो कोणीही असो. सगळ्यांनी हो म्हटलं.

गेल्या रविवारी मॅचला आमच्या सगळ्यात चांगल्या स्ट्रायकरला बाहेर बसवला. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही, फोन नाही, मेसेज नाही. हाफटाइमला 0-1 होतो, शेवटची पंधरा मिनिटं त्याला उतरवला, तरी हरलो. त्याच्या बाबांनी लाइनवरच सगळ्यांसमोर मला ऐकवलं आणि पोरगा बूट हातात धरून अनवाणीच गाडीकडे गेला. शिनगार्ड (नडगीचे पॅड) तिथेच पडले होते, ते अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहेत.

मला वाईट वाटलं, पण नियम चुकीचा होता असं नाही वाटत. त्याच्या जागी जो खेळला तो पोरगा जूनपासून एकही दिवस चुकला नाही, लाल चिखलात घोट्यापर्यंत रुतून डाव्या पायाने पास मारायला शिकला. त्याला शनिवारी काय सांगायचं होतं, की तू येत जा पण मॅच दुसरा खेळणार? तुमचं काय मत, स्पष्ट सांगा.

जुना स्टॉपर
बरोबर केलंत बाब. 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात वर्षं देशाची लीग गोव्याच्याच क्लबांनी जिंकली, धेंपो, चर्चिल, साळगावकर आलटून पालटून. ते काय नुसत्या टॅलेंटवर झालं? मी तालुक्याच्या टीमपर्यंतच पोचलो पण आमचा कोच पाच मिनिटं उशीर झाला तरी ग्राउंडला फेऱ्या मारायला लावायचा आणि कोणाच्या बापाची एक शब्द बोलायची हिंमत नव्हती. सवय लहानपणीच लागते, अठराव्या वर्षी सांगून काही होत नाही.

दोन पोरांची आई
सर, राग मानू नका पण मला हे अजिबात पटलेलं नाही. बारा वर्षांचं पोर प्रॅक्टिसला स्वतःच्या मर्जीने येतं का? आमच्या वाड्यावरून ग्राउंड चार किलोमीटर आहे, साडेतीनची बस गेली की पुढची पाचला, ती कधी येते कधी येत नाही, नवऱ्याची सेकंड शिफ्ट असली की सोडायला कोणी नाही आणि मी धाकटीला घेऊन कुठे जाऊ. माझा मुलगा खिडकीत बूट घालून बसतो हो. लेस बांधून बसतो आणि सहा वाजले की न बोलता सोडतो. हे बघितलेलं असेल तर कोणी म्हणणार नाही की त्याला शिस्त नाही. आणि फोन म्हणाल तर फोन त्याच्याकडे असतो कुठे, फोन नवऱ्याबरोबर कंपनीत. मोठ्यांच्या अडचणीची शिक्षा पोराला देताय तुम्ही, तीही पन्नास माणसांसमोर. त्या स्ट्रायकरच्या घरी मंगळवारी काय झालं होतं हे कोणी विचारलं का?

जुना स्टॉपर
ताई, बसचं मी समजू शकतो. पण कळवायला काय जातं? शेजाऱ्याच्या फोनवरून एक मेसेज. आम्ही सायकलने यायचो.

दोन पोरांची आई
तुमच्या वेळी त्या रस्त्यावर एवढे ट्रक होते का? बारा वर्षांच्या मुलाला त्या रस्त्यावर सायकल देऊन बघा.

स्ट्रायकरचा नाही, दुसऱ्याचा बाप
मी वेगळंच बोलतो. सात वर्षं लीग जिंकली म्हणता, मग 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग, म्हणजे तीच देशाची लीग, सोडली ते पण सांगा ना. तेव्हापासून किती पोरांना क्लबची नोकरी लागली? माझा मुलगा पुढच्या वर्षी आठवीत जाईल, गणिताची ट्यूशन मंगळवार-गुरुवारच असते, ती सोडून प्रॅक्टिसला पाठवू? त्याने आठवड्यातून एकदा मोकळ्या हवेत धावावं, घाम गाळावा, मित्र करावेत एवढंच मला पाहिजे. त्याला पण मॅच खेळायचा हक्क आहे.

तेराखालच्यांचा कोच
हक्क आहे म्हणूनच प्रत्येकाला थोडा तरी वेळ उतरवतो. लहान मुलांच्या मॅचमध्ये आयोजकांनी परवानगी दिली असेल तर बाहेर आलेला खेळाडू परत आत जाऊ शकतो, आमच्याकडे ती आहे, म्हणून मी 18 च्या 18 फिरवतो. प्रश्न फक्त सुरुवात कोण करणार याचा आहे. आणि ट्यूशनचं आधी सांगितलं असतंत तर ती न सांगता चुकवलेली प्रॅक्टिस धरलीच नसती. माझं दुखणं गैरहजेरीचं कमी आणि न कळवण्याचं जास्त आहे. सोळा पोरांचा विचार करून बिब आणि कोन मांडायचे आणि नऊच यायचे, मग धड एक मॅच पण बसत नाही.

शिट्टीवाला
मी तालुक्यात रेफ्री म्हणून उभा राहतो, म्हणून दुसऱ्या नियमाबद्दल बोलतो, त्यावर कोणी बोलतच नाहीये. माझ्या मते हजेरीपेक्षा तो मोठा. नियमांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णयावर हुज्जत घातली तर पिवळं कार्ड, शिवीगाळ केली तर थेट लाल. 2019 पासून कोचलाही कार्ड दाखवता येतं आणि बेंचवरून कोण ओरडलं ते कळलं नाही तर ते हेड कोचच्या नावावर जातं. पण लाइनच्या बाहेर छत्री घेऊन उभ्या असलेल्या बापाला मी काय दाखवू? मागच्या महिन्यात एका बाराएक वर्षांच्या पोराने थ्रो-इनवरून मला जी शिवी दिली ना, तीच शिवी दोन मिनिटांपूर्वी लाइनवरून आली होती, त्याच चालीत. मी त्याला लाल दाखवलं. तो रडायला लागला आणि मी घरी गेलो तरी डोक्यातून जाईना. पोराच्या वागणुकीचे नियम करताय तर आधी आईबापांचे करा.

स्ट्रायकरचा नाही, दुसऱ्याचा बाप
याच्याशी शंभर टक्के सहमत. मी पण ओरडतो, खरं सांगतो.

दोन पोरांची आई
शिट्टीवाले दादा, मग त्या पोराला लाल दाखवण्याऐवजी दहा मिनिटं बाहेर बसवता आलं नसतं का?

शिट्टीवाला
आलं नसतं. पोरांच्या स्पर्धेत थोडा वेळ बाहेर काढायची सोय नियमात आहे, पण आयोजकांनी आधी ती घेतलेली असावी लागते, आणि घेतली तरी ती पिवळ्या कार्डाच्या चुकांसाठी असते. शिवीला लालच.

तेराखालच्यांचा कोच
सगळं दोनदा वाचलं. ताई, त्या पोराच्या घरी मंगळवारी काय झालं ते मी विचारलं नव्हतं. आज संध्याकाळी शिनगार्ड द्यायला गेलो तेव्हा कळलं, आजी हॉस्पिटलमध्ये होती. बाबा बोलले नाहीत, आईने चहा दिला. पोरगा दारात उभा राहून मला बघत होता.

नियम काढणार नाही. पण यापुढे न आलेल्याच्या घरी रात्री आठच्या आत मी स्वतः फोन करणार. न येण्याचं कारण कळल्याशिवाय कोणालाही बाहेर बसवणार नाही. बसने येणाऱ्यांसाठी हजेरी साडेपाचपर्यंत. आणि लाइनवर चुन्याची दुसरी रेघ मारतोय, तीन मीटर मागे, आईबाप तिच्या पलीकडे.

जुना स्टॉपर
फोन तुम्ही का करायचा बाब? कळवायचं काम त्यांचं. हे मला नाही पटलं.

दोन पोरांची आई
सर, साडेपाचला माझा येईल. पाचची बस आली तर.