आज रात्रीचा टोर्नेडोचा धोका: तिसऱ्या मजल्यावरच्यांनी कुठे जायचं?

(नॅशव्हिलमधल्या एका अपार्टमेंट संकुलातल्या मराठी कुटुंबांचा ग्रुप)

शिरीषकाका, दुपारी ३.१०
नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरने (अमेरिकी हवामान खात्याचं वादळांच्या अंदाजाचं केंद्र) आपला भाग 'एनहान्स्ड'मध्ये टाकलाय. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी. त्यांच्या मजकुरात वेळ झेड लावून येते, म्हणजे जागतिक वेळ (यूटीसी), ती नीट वाचा. सध्या आपण त्या घड्याळाच्या पाच तास मागे आहोत, म्हणजे ०६झेड म्हणजे आपल्याकडे रात्रीचा १. सकाळचे ६ समजून कुणी निवांत राहू नका. वादळांची रांग मध्यरात्रीनंतर येईल.

मेघना, ३.१८
काका, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बाथटबमध्ये गादी ओढून बसलं तर चालेल का?

वर्षाताई, ३.२६
मेघना, तिसऱ्या मजल्यावरचा टब हा अगदी शेवटचा पर्याय. आपल्या इमारती लाकडी सांगाड्याच्या आहेत. वारा आधी छप्पर उचलतो. छप्पर गेलं की वरच्या मजल्याच्या भिंतींना वरून धरायला काही उरत नाही, त्या आडव्या होतात. तळमजल्यावर तुमच्या डोक्यावर दोन मजले राहतात. म्हणून सगळ्यांनी तळमजल्यावर, जिची एकही भिंत बाहेरची नाही अशा छोट्या खोलीत. बाथरूम किंवा क्लोझेट. लहान खोलीच्या भिंती एकमेकींना धरून ठेवतात, हॉलच्या तशा धरत नाहीत.
उघड्या जिन्याखाली अजिबात नको. तो बोळ दोन्ही बाजूंनी मोकळा आहे, वारा आणि मलबा दोन्ही त्यातून सुसाट जातात. क्लबहाउसही नको, मोठं छत आणि तीन बाजूंना काच.

अनिकेत, ३.३१
इमारत २, घर १०४. बाथरूम अगदी मधोमध आहे, शेजारी क्लोझेट. दहाबारा जण मावतील. रात्री ११ पासून दार नुसतं लोटलेलं असेल, बेल वाजवत बसू नका.

मेघना, ३.३३
वॉर्निंग लागली की लगेच येतो.

शिरीषकाका, ३.४०
वॉर्निंगची वाट पाहू नकोस गं. वॉच म्हणजे टोर्नेडो होऊ शकतो, वॉर्निंग म्हणजे तो दिसलाय किंवा रडारवर आलाय. झोपलेली मुलं उठवायची, बूट घालायचे, दोन मजले उतरायचे, तेही गारा आणि वीज गेलेली असताना. यात पाचसात मिनिटं सहज जातात. सरळ रांगेत येणाऱ्या वादळात भोवरा दोनतीन मिनिटांत तयार होतो, कधी रडारच्या दोन फेऱ्यांच्या मध्येच. वॉच लागलेली असेल आणि रांग शेजारच्या काउंटीत (जिल्ह्यात) पोचली असेल, तर वॉर्निंग नसली तरी खाली या. अंथरूणं १०४ मध्येच टाका.

प्राची, ३.५२
सायरन ऐकू येतोच ना पण?

शिरीषकाका, ४.०५
सायरन घराबाहेरच्या लोकांसाठी असतो. बंद खिडक्या, एसी आणि मुसळधार पाऊस असताना झोपेतून उठवेल हा भरवसा ठेवू नका. जाग येण्याच्या दोन वेगळ्या सोयी हव्यात.
एक, फोन. आयफोनवर सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, अगदी तळाशी गव्हर्नमेंट अलर्ट्स. इमर्जन्सी अलर्ट्स चालू आणि त्यातला आवाज नेहमी वाजवण्याचा पर्यायही चालू. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स' शोधा. फोन विमान मोडवर टाकून झोपायची सवय असेल तर आज मोडा.
दोन, वेदर रेडिओ, हवामानाचे इशारे देणारा. मोबाइल टॉवर पडला तरी तो चालतो. सातपैकी जो चॅनल स्वच्छ ऐकू येतो तो लावा आणि आपल्या डेव्हिडसन काउंटीचा कोड टाका: ०४७०३७. बॅटऱ्या नव्या घाला, नुसता प्लगवर ठेवू नका.

प्राची, ४.११
आमचा रेडिओ रात्रभर कशानेही किंचाळतो, म्हणून बंद करून ठेवलाय.

शिरीषकाका, ४.१६
कोड टाकला नसेल तर आजूबाजूच्या सगळ्या काउंट्यांसाठी वाजतो. कोड टाक, मग अलर्टच्या यादीतून नको ते बंद कर, पण टोर्नेडो वॉर्निंग आणि फ्लॅश फ्लड वॉर्निंग ठेव. रेडिओ अख्ख्या काउंटीसाठी वाजतो. फोनवरचा इशारा नकाशावर वॉर्निंगची जी चौकट आखतात तिच्यापुरता येतो. म्हणून रेडिओ वाजला आणि फोन गप्प, असं होऊ शकतं.

वर्षाताई, ४.३०
१०४ मध्ये येताना: पायात बंद बूट, चप्पल नाही. वादळानंतर सगळीकडे काचा आणि खिळे असतात. प्रत्येकाला हेल्मेट, सायकलचं, क्रिकेटचं, जे असेल ते. डोक्याची दुखापत हाच मोठा धोका. तान्ह्या बाळाला कार सीटमध्ये पट्टे लावून आणा. शिट्टी, हेडलॅम्प, चष्मा, रोजची औषधं, इनहेलर, पॉवर बँक. पासपोर्ट आणि आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद) झिप पिशवीत. हे कागद भिजले तर पुढचे कित्येक महिने त्यात जातात.
निघताना आतली सगळी दारं लावून घ्या, खिडक्या बंद. खिडकी उघडली की दाब समान होऊन घर वाचतं हे खोटं आहे. वारा आत शिरला की छताला खालून ढकलतो, वरून तो ओढतच असतो.

सुजाता, ४.४७
यांची आज हॉस्पिटलात रात्रपाळी आहे. १२ ला सुटतील, आय-२४ महामार्गावरून येतात.

शिरीषकाका, ४.५२
सुजाता, रांग पुढे जाईपर्यंत त्यांना तिथेच थांबू दे. हॉस्पिटलइतकी भक्कम इमारत वाटेत नाही. अडकलेच तर पेट्रोल पंपाच्या दुकानातलं आतलं बाथरूम. पुलाखाली कधीच नाही. तिथे वारा अरुंद जागेतून आणखी वेगाने घुसतो. ओक्लाहोमात ३ मे १९९९ ला पुलाखाली आसरा घेतलेल्यांचे जीव गेलेत.

अनिकेत, ५.०५
बाल्कनीतून दिसलं तर खाली पळू, असा विचार करणाऱ्यांसाठी: रात्री काहीही दिसत नाही. भोवरा पावसाच्या पडद्यात असतो. जमिनीलगत निळेहिरवे झगमगाट दिसले तर ती वीज नाही, तारा आणि ट्रान्सफॉर्मर तुटतायत. तोवर तो शेजारी आलेला असतो.

प्राची, ५.१२
रडारवर वादळाच्या टोकाला गोलाकार हुक दिसला तर? तीच टोर्नेडोची खूण ना?

अनिकेत, ५.२०
हुकपेक्षा कोरिलेशन कोएफिशिएंटचा नकाशा बघ, हवेतल्या वस्तू किती एकसारख्या आहेत ते तो दाखवतो. पावसात तो एकसारखा लाल असतो. फिरत्या वाऱ्याच्या जागीच मध्ये निळाहिरवा ठिपका पडला तर हवेत पाऊस नाही, घरांचे तुकडे आहेत. रडारचं चित्र काही मिनिटं जुनं असतं आणि ही वादळं ताशी ५० मैलांनी पळतात. चित्रात दिसतं त्याच्या तीनचार मैल पुढे धर.

वर्षाताई, ९.४०
भारतातल्या घरच्यांना आत्ताच एक मेसेज टाकून ठेवा: 'सकाळी कळवतो, रात्री फोन करू नका.' आपल्या रात्री १ ला तिकडे सकाळचे ११.३० असतात, बातम्या बघून सगळे एकदम फोन लावतात आणि बॅटरी संपते.

अनिकेत, १.१४
वॉर्निंग लागली. नैऋत्येकडून येतंय. १०४ मध्ये नऊ जण. मेघना?

मेघना, १.१५
आत आहोत, चौघं.

प्राची, १.१६
तळमजल्यावर आमच्याच क्लोझेटमध्ये. हेल्मेट घातलेत.

शिरीषकाका, १.४९
आपल्यावरची वॉर्निंग संपली. वॉच ४ पर्यंत आहे आणि मागे दुसरी रांग दिसतेय. वर जाऊ नका. ३ मार्च २०२० ला मध्यरात्रीनंतर नॅशव्हिलमधून गेलेल्या वादळानेच तासाभरात कुकव्हिलजवळ ईएफ४ (शून्य ते पाच तीव्रतेतला चौथा) टोर्नेडो टाकला, १९ माणसं गेली. एक गेलं म्हणजे संपलं, असं नसतं.

वर्षाताई, ६.२०
उजाडल्यावरच बाहेर पडा. पडलेल्या तारेपासून ३५ फूट लांब, ती ठिणगी टाकत नसली तरी. कुंपणाला लागलेली असेल तर कुंपणही तारच समजा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करू नका, बाहेर येऊन मग फोन करा. जनरेटर कुणी लावला तर इमारतीपासून २० फूट लांब, एक्झॉस्ट खिडकीच्या उलट दिशेला, बाल्कनीत तर नाहीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फ्रीजचं दार उघडलं नसेल तर वीज गेल्यापासून चार तास माल टिकतो, भरलेला फ्रीझर ४८ तास.

सुजाता, ६.३८
इमारत ५ च्या वरच्या मजल्यावर छताचं पत्र्याचं आवरण गेलंय, दोन घरांत पाणी. कुणालाही लागलेलं नाही. त्यांचा सोफा बाहेर काढू का?

अनिकेत, ६.४४
आधी फोटो आणि व्हिडिओ, प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांतून, मग हलवा. भिजलेली वस्तू अ‍ॅडजस्टर (विमा कंपनीचा पाहणी करणारा) बघेपर्यंत फेकू नका, टाकावीच लागली तर मॉडेल नंबरचा फोटो घ्या. छत मालकाच्या विम्यात, आतलं सामान तुमच्या रेंटर्स पॉलिसीत (भाडेकरूंचा विमा). घर राहण्याजोगं नसेल तर त्याच पॉलिसीत 'लॉस ऑफ यूज' बघा, हॉटेलचा खर्च मिळतो, पावत्या ठेवा. गाडीच्या काचा आणि गारांचे पोचे गाडीच्या विम्यातल्या कॉम्प्रिहेन्सिव्हमधूनच मिळतात, नुसती लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) असेल तर नाही. दारोदार येणाऱ्या छपरवाल्याच्या कागदावर आज सही करू नका, विम्याचे हक्क लिहून घेणारे कागद त्यातच असतात. इमारत ५ ला ताडपत्री लागणार असेल तर माझ्याकडे १० बाय २० ची आहे, पण ओल्या छतावर आपण चढायचं नाही, मेंटेनन्सवाले ८ ला येतायत.