मांढरदेवी, किल्लारी आणि "ज्याचं त्याचं प्रारब्ध"

कृष्णाकाठ (सातारा):
मांढरदेवीचा विषय निघाला की आमच्याकडं कुणीतरी "ज्याचं त्याचं प्रारब्ध" म्हणतं आणि सगळे गप्प होतात. मला हे वाक्य सहन होत नाही, म्हणून लिहितोय.

२५ जानेवारी २००५. वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर शाकंभरी पौर्णिमेची काळूबाईची यात्रा. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या, अरुंद वाटेवर माणसं एकमेकांवर पडली, मग दुकानांना आगी लागल्या, सिलिंडर फुटले. तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यांत बायाबापड्या आणि लहान लेकरं होती. सगळी देवीच्या दर्शनाला आलेली.

माझं म्हणणं असं: जगातलं दुःख आणि दुष्टपणा हा देवावरच्या श्रद्धेविरुद्धचा पुरावा आहे. देव नाहीच असं त्यानं सिद्ध होत नाही, पण वजन आहे, आणि श्रद्धा ठेवणाऱ्यानं ते मोजलं पाहिजे. देव म्हणजे इथं सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि दयाळू. असा देव आणि दुःख एकत्र नांदूच शकत नाहीत, असं मॅकी या तत्त्ववेत्त्यानं १९५५ साली मांडलं. त्यावर प्लँटिंगा या दुसऱ्या तत्त्ववेत्त्याचं उत्तर असं की स्वतंत्र इच्छेची माणसं घडवायची तर वाईट करण्याची मोकळीकही द्यावी लागते. तर्कापुरतं ते टिकतं. पण विल्यम रो या तिसऱ्या तत्त्ववेत्त्यानं १९७९ मध्ये वेगळाच प्रश्न विचारला. दूरच्या जंगलात वीज पडून वणवा लागतो, हरणाचं पाडस होरपळतं, कित्येक दिवस तडफडून मरतं. कुणी बघत नाही, कुणी त्यातून शिकत नाही. यातून काही मोठं भलं साधलं असेलही, पण तसं मानायला आधार कुठला?

आपल्याकडचं उत्तर कर्माचं. ब्रह्मसूत्रं हा वेदान्ताचा मूळ ग्रंथ, त्याच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप आहे: एक सुखी, एक दुःखी, मग देव पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर येतं की तो जिवांच्या कर्मानुसार सृष्टी करतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्यांना सारखाच, भात आणि जव वेगळे उगवतात ते बियांमुळं. आणि पहिलं कर्म कुठून आलं म्हणाल, तर संसार अनादि आहे. युक्तिवाद बारकाईचा आहे, मी तो हलका मानत नाही. पण देवाला निर्दोष ठेवण्यासाठी आपण चेंगरून मेलेल्या लेकराला दोषी ठरवतो. आरोप असा, की जो त्याला आठवत नाही, कुणी सांगितलेला नाही, आणि ज्यावर त्याला बाजू मांडता येत नाही. माणसाच्या कोर्टात आपण असा न्याय एक दिवस चालवून घेणार नाही.

वाईकर:
दादा, आमच्या आळीतली माणसं त्या दिवशी डोंगरावर होती, म्हणून बोलतो. देवीला यात ओढू नका. सरकारनं न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग नेमला. प्रश्न कशाचे होते? वाटेचे, दुकानांचे, गर्दीच्या नियोजनाचे. माणसाच्या हयगयीचं खापर देवावर फोडायचं आणि वर त्यालाच पुरावा म्हणायचं, हे पटत नाही.

दुसरं. देवानं प्रत्येक घसरणारा पाय धरला असता तर माणूस नीट पायऱ्या बांधायला शिकला असता का? जगाला ठरलेले नियम पाहिजेत. आग भाजते म्हणून चूल पेटते. भाजायच्या वेळी तेवढी गार होणारी आग तुम्हाला हवी असेल, तर त्या जगात शहाणपणही नको आणि जबाबदारीही नको.

कृष्णाकाठ (सातारा):
काका, माणसाच्या हयगयीचं मान्य. मग किल्लारी घ्या. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं ढिगाऱ्याखाली गेली. कुणाची हयगय?

वाईकर:
त्याचंही उत्तर आहे. घरं दगडमातीची, जाड भिंतींची, वर मातीचं ओझं. तेवढ्याच ताकदीच्या भूकंपात नीट बांधलेलं घर उभं राहतं. पोर्तुगालचं लिस्बन शहर १७५५ साली १ नोव्हेंबरला, ऐन सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना भूकंपानं कोसळलं. तेव्हा व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकानं तुमच्यासारखाच सवाल केला, आणि रूसो या विचारवंतानं त्याला कळवलं की सहा-सहा, सात-सात मजली घरं निसर्गानं बांधलेली नाहीत. आपल्या जिल्ह्यातलंच बघा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप धरणाच्या साठ्यामुळं ओढवला असं भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे जमीन हलते तिथंही माणसाचा हात निघतो.

कृष्णाकाठ (सातारा):
किल्लारीच्या शेतकऱ्यानं आजोबा-पणजोबांसारखंच घर बांधलं. जवळ होतं ते दगड आणि माती. त्याला भूकंपाचं शास्त्र ठाऊक नव्हतं, तुमच्या देवाला ठाऊक होतं. नियम ठरलेले हवेत हे पटलं, पण हेच नियम का? आणि माणसानं शिकावं हे खरं, पण धडा जिवंत राहिलेल्यांना मिळतो आणि त्याची किंमत मेलेले मोजतात. मेलेल्या मुलाला यात काय मिळालं, हे मला कुणी सांगत नाही.

फलटणची वारकरीण:
तुम्ही दोघंही देवाला कोर्टात उभं करून भांडताय, एक वकील आणि एक फिर्यादी. मी लोणंदपासून बरडपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालते. आमचा विठ्ठल अशा खटल्यातला नाही.

१६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली. मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यांनी स्वतः हे अभंगात सांगितलंय. इतकं सोसलेल्या माणसानं देव टाकला नाही. भांडले, कठोर बोलले, आपल्या लेखी देव मेला इथपर्यंत बोलले. पण बोलले त्याच्याशीच. दुःख हा पुरावा असता तर सगळ्यांत आधी तो त्यांनी मान्य केला असता. घरात बसून हिशेब मांडणाऱ्यापेक्षा सोसणाऱ्याच्या साक्षीला मी जास्त मान देते.

टेंभूकर:
ताई, साक्षीलाच मान द्यायचा तर सगळ्या साक्षी घ्या. ज्यांची श्रद्धा त्या दुष्काळात मेली त्यांचे अभंग उरले नाहीत. ते गप्प राहिले, गाव सोडून गेले, किंवा उपाशी मेले. उरलेल्या एका आवाजावरून सगळ्यांचं मत कसं ठरवणार?

आणि कर्ममेळ्याची साक्ष घ्या, चोखोबांच्या मुलाची. तो श्रीपतीलाच विचारतो की आमची जात हीन केलीस, तुला कळत कसं नाही, उष्टं खाण्यात जन्म गेला याची लाज वाटत नाही का? तोही वारकरीच, आणि त्याला उत्तर मिळालं नाही. उलट त्याच्या समाजाला शतकानुशतकं काय ऐकवलं गेलं? मागच्या जन्मीचं पाप. कृष्णाकाठ म्हणतात त्या किमतीचा सगळ्यात मोठा वाटा त्यांनी भरला.

हा प्रश्न बाहेरून आलेला नाही, हेही सांगतो. कुमारिल भट्ट वेद मानणारे, पण त्यांनी विचारलं की सृष्टीआधी दुःखी जीवच नव्हते, मग कुणाची दया आली म्हणून देवानं जग केलं? आणि दयेनंच केलं तर नुसतं सुखाचं का नाही केलं? आमच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांच्या आधी हजारावर वर्षं हे विचारून झालंय.

मिरजेची सिस्टर:
मी वॉर्डातलं सांगते. अधू मूल जन्माला आलं की आईला पहिलं कुणीतरी हेच ऐकवतं, "काय पाप केलं होतंस गं?" ती बाई आधीच ओली बाळंतीण, टाके दुखत असतात, दूध उतरत नसतं. मग ती स्वतःलाच कुरतडायला लागते. ग्रहणात काय चिरलं होतं, कुणाचा शाप लागला. औषधाच्या वेळा तिच्या लक्षात राहत नाहीत, पाप मात्र आठवत बसते. मी देव मानते, ड्यूटीला येताना हात जोडून येते. पण कर्माचं हे स्पष्टीकरण माझ्या डोळ्यांसमोर बायांना आजारी पाडतं. ते खरं असेल असं मला वाटत नाही, कारण दयाळू देव ते असं वापरू देणार नाही.

माणदेशी:
आमच्या माणात पाऊस न्हाई पडत, हे काय नवीन न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईनं खडी फोडली अन् सुकडी खाल्ली. ती सिद्धनाथाला शिव्या पण द्यायची अन् निवद पण दाखवायची. तिला कुणी पुरावा इचारला न्हाई. पण एक सांगतो, ती कधी म्हणली न्हाई की आमच्या पापानं पाऊस गेला. ती म्हणायची, ढग डोंगरापल्याड महाबळेश्वराकडंच रिकामं होत्यात. तिला शाळा न्हवती, पण तेवढं कळत हुतं.

वाईकर:
टेंभूकर, तुम्हाला एक विचारतो. देव काढून टाकला तर मांढरदेवीला जे झालं त्याला तुम्ही अन्याय कशाच्या आधारावर म्हणणार? मग ते फक्त घसरणं आणि दाबलं जाणं. तुमचा संतापच सांगतो की जग असं असायला नको होतं. हे "असायला नको होतं" कुठून आलं?

कृष्णाकाठ (सातारा):
काका, प्रश्न चांगला आहे, पण तो माझा मुद्दा सोडवत नाही. दयाळू कशाला म्हणायचं हे मी तुमच्याकडूनच घेतोय. पोहता येत असून जो बुडणाऱ्या पोराकडं काठावरून बघत राहील, त्याला तुम्हीही दयाळू म्हणणार नाही. तीच मोजपट्टी मी देवाला लावतो. माझा संताप कुठून आला ते माहीत नसलं तरी देव सर्वशक्तिमान आहे आणि देव दयाळू आहे, या तुमच्या दोन वाक्यांतला ताण तसाच राहतो.

माणसाच्या मोकळिकीचं बोलायचं राहिलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. देवाला नव्हे, देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला विरोध, असं ते सांगत आले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. मारणाऱ्याची इच्छा देवानं मोकळी ठेवली म्हणता, मग ज्याला मारलं त्याची मोकळीक कुठं गेली?

ताई, तुमच्या विठ्ठलाविरुद्ध माझा पुरावा तितका लागू पडत नाही, कारण तो कारणं देत नाही, सोबत चालतो. फक्त एक विचारतो. तो किल्लारी थांबवू शकत होता का?

फलटणची वारकरीण:
सरळ विचारलंत, सरळ सांगते. थांबवू शकत असता आणि थांबवलं नसतं, तर माझ्याकडून त्याला दयाळू म्हणवत नाही. दया मी सोडणार नाही, तिच्यावाचून वारीला अर्थच नाही. मग सोडायचं असेल तर सर्वशक्तिमान सोडेन. आमच्या दिंडीतले निम्मे लोक हे ऐकून माझ्याशी बोलणार नाहीत, आणि वाईकर काकांनाही पटणार नाही. पण प्रारब्धाचं बोलणं मी कुणाच्याही दहाव्याला ऐकून घेणार नाही, तेवढं मात्र तुमचं आणि माझं एक आहे.

वाईकर:
ताई, जो थांबवू शकत नाही त्याच्याकडं मग नवस कशाचा बोलायचा? मी सर्वशक्तिमान सोडणार नाही. कारण मला माहीत नाही हे मान्य, पण कारण नाही हे मान्य नाही.