मदत हवी आहे: आईची झोप आणि ध्यान

आई ७४ वर्षांची. झोप पटकन लागते, पण पहाटे तीनच्या सुमारास टक्क जाग येते, मग उजाडेपर्यंत कूस बदलणं. थायरॉइड, शुगर तपासून झालं, ठीक आहे. घोरत नाही. दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा बंद केला, थोडाच फरक पडला. झोपेची गोळी नको म्हणते; रात्री उठताना तोल जाईल ही धास्ती मलाही आहेच.

२०१५ साली अमेरिकेत ५५ च्या पुढच्या लोकांना सहा आठवडे, आठवड्याला दोन तास माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचं ध्यान) शिकवलं आणि झोप सुधारली, असं वाचून श्वासावर लक्ष ठेवणं सुरू केलं. तर आई म्हणते, "श्वास बघायला लागले की उलट जास्तच जागी होते." यूट्यूबवरची योगनिद्रा (पडून, सूचना ऐकत करायचं ध्यान) बाद, कारण रात्री कानाचं मशीन काढून ठेवते. इगतपुरीचं विपश्यना ध्यानाचं शिबिर कृपया सुचवू नका, दहा दिवस घर सोडून राहणं तिला जमणार नाही. गुडघ्यांमुळे मांडीही घालता येत नाही.

घरातल्या ज्येष्ठांना झोपेसाठी ध्यानाचा उपयोग झालाय अशांनी सांगा: सराव दिवसा खुर्चीत बसून करायचा, की जाग आल्यावर पलंगावरच? आणि रेकॉर्डिंगशिवाय तिला तो शिकवायचा कसा?