क्लिओपात्राने अँटनीचीच बाजू का धरली?

दुपारचा_चहा
मंडळी, बेसिक प्रश्न आहे, हसू नका. लेकीला शाळेत एका प्राचीन राणीवर पाच मिनिटं बोलायचंय, तिने इजिप्तची क्लिओपात्रा घेतली आणि तयारी अर्थातच माझ्या गळ्यात. जिथे बघावं तिथे तेच, गाढविणीच्या दुधाची आंघोळ, गालिच्यातून रोमच्या सीझरपुढे, मग रोमचाच सेनापती अँटनी, मग साप, खेळ खल्लास. आता नववीच्या पोरीला 'ती सुंदर होती म्हणून दोघं पाघळले' एवढं सांगून पाठवायचं का? बाई एवढी हुशार होती म्हणतात तर मग हरणाऱ्याच्या पारड्यात सगळं वजन कशाला टाकलं, अँटनीचा रोममधला प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियन, त्याच्याशी का नाही जमवून घेतलं? आणि ती मुळात इजिप्शियन तरी होती का? (सीझरपासून झालेल्या तिच्या मुलाचं नाव सिझेरियन वाचून सासूबाई म्हणाल्या, तेव्हापण ऑपरेशन करायचे का गं?)

जुनं_नाणं
आधी तो गालिचा काढून टाका. प्लुटार्क या जुन्या ग्रीक चरित्रकाराने लिहिलंय ते अंथरूण बांधायचं पोतं, आपण पूर्वी रेल्वेने जाताना होल्डॉल न्यायचो ना, तसलंच काहीतरी. अपोलोडोरस नावाचा सिसिलीचा माणूस अंधार पडता पडता छोट्या होडीतून राजवाड्यापाशी आला आणि ते उचलून आत घेऊन गेला. चोरून का, तर १० वर्षांच्या भावाबरोबर १८ व्या वर्षी गादीवर बसलेल्या हिला त्या भावाच्या कारभाऱ्यांनी हाकलून लावलेलं.
पण खरी गोष्ट कर्जाची आहे, ती कुणी सांगत नाही. हिच्या बापाची, म्हणजे बाराव्या टॉलेमीची, गादी गेलेली, ती परत मिळवायला त्याने रोमच्या सावकारांकडून वारेमाप पैसा उचलला. १०,००० टॅलेंटच्या (पैशाचं तेव्हाचं मोठं माप) बोलीवर गाबिनियस नावाच्या रोमन सुभेदाराने इ.स.पू. ५५ मध्ये फौज आणून त्याला परत बसवलं, आणि राबिरियस नावाचा सावकार थेट इजिप्तचा अर्थमंत्रीच झाला, म्हणजे वसुलीला दारात यायची पण गरज नाही, तिजोरीवरच बसलाय. क्लिओपात्रा तेव्हा चौदा-एक वर्षांची, हे सगळं डोळ्यासमोर. त्याच्या तीन वर्षं आधी रोमने सायप्रस गिळलं आणि तिथल्या राजाने, म्हणजे हिच्या काकाने, विष घेतलं. अशा घरातली पोर रोमशी भांडत बसेल का? ४८ मध्ये सीझर आला तो त्याचा रोमन वैरी पॉम्पीच्या मागावर, पण राहिला तेव्हा बापाच्या कर्जाची बाकीही काढली, १ कोटी ७५ लाख द्राख्मांपैकी (ग्रीक नाणी) काही सोडून १ कोटी टाका म्हणाला. तिला गादी हवी, त्याला वसुली हवी. जमलं. प्रेमबिम असेलही नंतर, माझा काही आक्षेप नाही.

माजघर
+१, पण म्हणून तिला लगेच बिचारी करू नका हां. सीझरच्या खुनानंतर धाकटा भाऊ चौदावा टॉलेमी लगेच 'गेला' (ज्यू इतिहासकार जोसेफस सरळ म्हणतो हिनेच विष घातलं), आणि तिचा मुलगा सिझेरियन सहराजा झाला. बहीण आर्सिनोई इफिससच्या देवळात आश्रयाला होती, तिला अँटनीकडून मारवलं, ४१ मध्ये. आता त्या घराण्यात हे नवीन नव्हतंच, थोरल्या बहिणीला तर बापानेच मारलेलं. भाऊबंदकी काय ती यांच्याकडून शिकावी.
इजिप्शियनबद्दल: घराणं मॅसेडोनियन ग्रीक, अलेक्झांडरच्या सरदाराचं. पण जवळपास तीनशे वर्षं राज्य करूनसुद्धा प्रजेची भाषा शिकलेली ही पहिलीच. इथिओपियन, हिब्रू, अरब, सीरियन, पार्थियन, सगळ्यांशी दुभाष्याशिवाय बोलायची म्हणे. आणि तोच प्लुटार्क सांगतो की दिसायला काही अगदी अतुलनीय वगैरे नव्हती, जादू बोलण्यात होती. लेकीने हे सांगायलाच पाहिजे.

जुनं_नाणं
ऑक्टेव्हियनचं राहिलंच. त्याच्याशी जमणारच नव्हतं हो! त्याचं सगळं दुकान 'मी सीझरचा मुलगा' या पाटीवर चाललेलं, आणि तो होता दत्तक. इकडे अलेक्झांड्रियात पोटचा मुलगा वाढतोय. ३४ मध्ये अँटनीने भर समारंभात सिझेरियनच सीझरचा खरा मुलगा म्हणून जाहीर केलं आणि तिच्या पोरांना देश वाटले, त्यातले काही तर अजून जिंकायचे होते 😄 तिथे तडजोडीचं दारच बंद झालं. ३२ मध्ये रोमने युद्ध पुकारलं ते पण फक्त तिच्याविरुद्ध, अँटनीचं नावच नाही, म्हणजे रोमन विरुद्ध रोमन दिसायला नको.
शिवाय ४१ मध्ये टार्ससला (आजच्या तुर्कस्तानात) ती अँटनीला भेटायला जांभळ्या शिडांच्या नावेतून गेली तेव्हा पूर्वेकडचं सगळं अँटनीच्याच हातात होतं, तेव्हा कुणालाही तोच जिंकेल असं वाटलं असतं. त्याला पार्थियावर (इराणकडचं राज्य) स्वारीसाठी पैसा-धान्य पाहिजे, हिला पणजोबा-खापरपणजोबांचे गेलेले मुलूख. सिलिशियातलं जहाजांचं लाकूड मिळालं, फिनिशियाचा किनारा मिळाला, जेरिकोच्या बाल्समच्या (सुगंधी डिंकाचं झाड) बागापण मिळाल्या, त्या तिने ज्यूंचा राजा हेरोड यालाच परत भाड्याने दिल्या, वर्षाला २०० टॅलेंट! हेरोडचा जळफळाट किती झाला असेल.
बर्लिनला इ.स.पू. ३३ चा एक पपायरस (तेव्हाच्या कागदावरचा दस्तऐवज) आहे. अँटनीच्या गोटातल्या एका रोमन माणसाला करमाफी, दरवर्षी १०,००० अर्ताबा (धान्याचं माप) गहू बाहेर न्यायचा आणि ५,००० अँफोरा (मातीचे घडे) वाइन आत आणायची, कर शून्य. कारकुनाने सगळं नीट लिहिलंय आणि खाली वेगळ्या अक्षरात एकच शब्द, 'गिनेस्थोई', म्हणजे 'तसे व्हावे'. आपल्याकडे साहेब फाइलवर 'मंजूर' शेरा मारतात तसा. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो तिच्या स्वतःच्या हातचा आहे. युती म्हणजे काय ते त्या एका शेऱ्यात दिसतं, ती जांभळ्या शिडांची नाव विसरा.

खलाशीबुवा
थोडं अवांतर, पण आपल्या बाजूचं. ३१ मध्ये अ‍ॅक्टियमला समुद्रावरच्या लढाईत ऑक्टेव्हियनकडून हरल्यावर ती रडत बसली नाही, जहाजं जमिनीवरून ओढत तांबड्या समुद्रात उतरवून दूर कुठेतरी निघून जायचा प्लॅन होता. पेट्राकडच्या अरबांनी जहाजंच जाळली. जाळणारच, त्यांचा मुलूखही अँटनीने हिला तोडून दिलेला आणि वर खंडणी! मग १७ वर्षांच्या सिझेरियनला भरपूर धन देऊन इथिओपियामार्गे भारताकडे पाठवलं. त्याचा शिक्षक ऱ्होडोन म्हणाला चला परत, ऑक्टेव्हियन राज्य देतोय. पोरगं परत आलं आणि मारलं गेलं. त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच पेरिप्लसमध्ये (ग्रीक भाषेतलं समुद्री व्यापाराचं पुस्तक) भडोच, सोपारा, कल्याण, आतलं पैठण आणि तेर सगळं येतं, म्हणजे इजिप्तची जहाजं ज्या बाजाराला येत होती तो हाच. पुढे निघाला असता तर कुठे उतरला असता कोण जाणे, मी कल्याणचा असल्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे.

दुपारचा_चहा
दंडवत सगळ्यांना 🙏 लेकीने पपायरस आणि हेरोडचं भाडं घेतलं, सापाला अर्धं वाक्य. सासूबाईंना सांगितलं की नावाचा अर्थ फक्त 'छोटा सीझर', त्यांचा विश्वास बसलेला नाही. आणि होल्डॉल म्हणजे काय हे कार्टीला कळेचना, शेवटी माळ्यावरून बाबांचा काढून दाखवला, आता म्हणते यात माणूस मावणं शक्यच नाही, मी झोपून बघू का.