‘कंडिशनिंग’ला सगळीकडे एकच मराठी शब्द हवाय म्हणे!

परळची_लेखणी:
नमस्कार मंडळी. भाषांतराची कामं करते. एका क्लायंटने चार मजकुरांचा गठ्ठा दिलाय आणि सोबत फर्मान: ‘कंडिशनिंग’ जिथे येईल तिथे ‘अनुकूलन’च लिहायचं. शब्दसूचीत दुसरा शब्द चालणार नाही.

आता बघा. पहिला मजकूर वेगवान गोलंदाजांच्या तयारीवरचा. त्यातल्या ‘स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच’चा ‘बळ व अनुकूलन प्रशिक्षक’ झाला. भावाने वाचून विचारलं, हा एसी दुरुस्त करायला येतो का? दुसरी शांपूची बाटली. तिसरा मानसशास्त्राचा धडा, पावलोव्ह आणि त्याची कुत्री. चौथ्यात एक बाई चिडून लिहितात की बायकांनी शेवटी जेवायचं हे ‘सोशल कंडिशनिंग’ आहे. तिथे ‘सामाजिक अनुकूलन’ लिहिलं की बाईंचा सगळा राग विझतो.

तुम्ही काय लिहाल? आणि क्लायंटला पटवू कशी?

खमंग_चकली:
शांपूला कंडिशनरच ठेव गं. बाटलीवर ‘केश अनुकूलक’ वाचलं तर मी ती फळीवर परत ठेवेन. बाकीचं जाणकार सांगतील.

लालबागचा_सुती:
ताई, मी ८२च्या संपापर्यंत एका गिरणीत टेस्टिंगला होतो. आमच्याकडे कंडिशनिंग म्हणजे सुताला हवेतली ओल पिऊ देणं. थंडाव्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कोरडा धागा मागावर ताण आला की तुटतो, आणि कापसाचं सूत दमट असलं की उलट जास्त ताण सोसतं. म्हणून विणाईच्या खात्यात खिडक्या बंद, फवारे चालू आणि माणसं घामाने निथळतायत. सुताला मानवेल ती हवा. माणसाला काय मानवतं हे कुणी विचारत नसे.

टेस्टिंग रूममध्ये नमुन्याच्या लडी रात्रभर खुंट्यांना टांगलेल्या असायच्या. भिंतीवर शेजारी शेजारी दोन थर्मामीटर. एक उघडं, दुसऱ्याच्या फुग्याला चिंधीची वात गुंडाळलेली, वातीचं टोक खाली पाण्याच्या डबीत. दोन आकड्यांतल्या फरकावरून तक्त्यात दमटपणा बघायचा आणि तो ६५ टक्क्यांच्या आसपास आला की मगच लडी मशीनला लावायची. डबीतलं पाणी आटलं आणि कुणाचं लक्ष नसलं, की दोन्ही थर्मामीटर एकच आकडा दाखवायची. म्हणजे कागदोपत्री खोलीत १०० टक्के दमटपणा, प्रत्यक्षात वात खडखडीत.

यात पैशाचीही भानगड असते. ओव्हनमध्ये पूर्ण सुकवलेलं १०० किलो कापसाचं सूत व्यवहारात १०८.५ किलो धरतात, कारण ८.५ टक्के ओल मान्य असते. रेशमाला ११ टक्के. त्याहून जास्त ओल असली म्हणजे गिऱ्हाइकाने सुताच्या भावाने पाणी घेतलं! हा तंटा मिटवायला युरोपात खास कचेऱ्या होत्या. फ्रान्सात ल्यों शहरात १८०५ साली रेशमासाठी सरकारी ‘कंडिशन’ घर उघडलं, इंग्लंडात ब्रॅडफर्डला लोकरीसाठी.

‘एअर कंडिशनिंग’ हे नाव गिरणीतूनच निघालं. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतली ओल आवरणारी यंत्रणा आखली, कारण कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. नाव मात्र १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमरने दिलं, आणि तो नॉर्थ कॅरोलिनातल्या सूतगिरण्यांचा इंजिनियर. सुताचं करतात, तसंच हवेचं. मराठीत तेवढ्यापुरतं ‘वातानुकूलन’ ठीक आहे. तेही फलाटावरच्या घोषणेत. २५ डिसेंबर २०१७ला पहिली ‘वातानुकूलित लोकल’ सुटली, पण आत बसलेला प्रत्येक जण तिला एसी लोकलच म्हणतो. तुमच्या क्लायंटने त्यातलं ‘अनुकूलन’ उचकटून गोलंदाजाला चिकटवलंय. हे त्याला माझ्या नावावर सांगा.

दुसरा_तास:
मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. पावलोव्हसाठी शोधाशोध नको, शब्द ठरलेला आहे: अभिसंधान. पावलोव्हचं अभिजात अभिसंधान, स्किनरचं साधक अभिसंधान. ‘अनुकूलन’ मुलं शाळेत उंटाच्या पायांसाठी आणि निवडुंगाच्या काट्यांसाठी शिकून आलेली असतात. इथे तोच शब्द टाकलात तर पेपरात काय काय वाचावं लागेल, या विचारानेच धडकी भरते.

एक सांगते. पावलोव्हचा रशियन शब्द ‘उस्लोवनी’, म्हणजे सशर्त, अटीवर अवलंबून. आवाजापाठोपाठ अन्न येत राहिलं, तर आवाजाने लाळ सुटते. अन्न यायचं बंद झालं की हळूहळू लाळही बंद. इंग्रजीत ‘कंडिशनल’ऐवजी ‘कंडिशन्ड’ रूढ झालं आणि कुत्र्याला कुणी ठोकून आकार दिला, असा भास होऊ लागला. धड्यात फक्त घंटेचं चित्र असेल तर तेही बघा. मेट्रोनोम, बझर, दिवे असं बरंच काही वापरलं होतं. आणि १९०४चं नोबेल त्याला पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं, या प्रयोगांसाठी नाही. धड्यात हे उलटं असेल तर दुरुस्त करून घ्या.

चौथ्या मजकुरात ‘संस्कार’ अजिबात नको. मराठीत संस्कार म्हटलं की ते चांगलेच असतात, वाईट म्हणायला वेगळा ‘कु’ लावावा लागतो. बाई तक्रार करतायत. ‘हे लहानपणापासून मनावर बिंबवलेलं असतं’ असं लिहा. वाक्य सरळ राहतं आणि बिंबवणारं कुणीतरी आहे हेही कळतं.

क्रॉस_मैदान:
पोरांना क्रिकेट शिकवतो. आमच्यात ‘अनुकूलन’ ऐकलेलं नाही. पहिल्या स्पेलला वाघ आणि तिसऱ्याला पाय ओढत येणारा गोलंदाज बघितला की आम्ही म्हणतो, याला दमसास नाही. कांगा लीग १९४८पासून भर पावसाळ्यात खेळतात. ओल्या रनअपवर बूट रुततात, तिथे जिमचे दंड दाखवून भागत नाही. ‘बळ आणि दमसास प्रशिक्षक’ लिहा, पोरांच्या आयांनाही समजेल.

दुसरा चांगला शब्द ‘कमावणे’. शरीर कमावतात, गवई आवाज कमावतो, चामडंही कमावतात. रोज थोडं थोडं, महिनोन्‌महिने. मजकुरात जिथे ‘वेल-कंडिशन्ड बॉडी’ असेल तिथे ‘कमावलेलं शरीर’ बिनधास्त लिहा.

विषय निघालाच आहे म्हणून: नवीन विलो बॅटसुद्धा अशीच तयार करावी लागते. जवसाचं कच्चं तेल बोटांनी पातळ लावायचं, हँडलच्या सांध्याला लागू द्यायचं नाही, आणि बॅट आडवी ठेवायची. मग लाकडी हातोडीने कित्येक तास ठोकायची. कडांवर हलका हात. दुकानदार याला नॉकिंग म्हणतो, मी ‘बॅट मुरवणं’ म्हणतो. हल्ली बाप महागडी बॅट घेऊन देतो, पोरगा त्याच संध्याकाळी नेटमध्ये सीझन बॉलसमोर उभा, आणि कडेची ढलपी उडाली की दुकानदाराशी भांडण!

परळची_लेखणी:
सगळ्यांचे आभार. ठरलं: कंडिशनर, अभिसंधान, बिंबवलेलं, आणि बळ व दमसास. ‘कमावलेलं शरीर’ दोन ठिकाणी चपखल बसलं. सुतीकाका, तुमचा मजकूर क्लायंटला जसाच्या तसा पाठवला. उत्तर आलं, “छान माहिती. पण शब्दसूचीत एकाच्या चार ओळी केल्या तर त्याचं वेगळं बिल लावणार का?”

लावणार. तुम्ही लोक शब्दसूचीचे पैसे शब्दावर घेता की तासावर?